‘क्लीन मारून बघ’ म्हणण्याआधी

प्रश्न : मॅडम, मी आठ महिन्यांपासून एका अँड्रॉइड अ‍ॅपच्या टीममध्ये आहे. पहिल्याच दिवशी सिनिअरनी एक कमांड लिहून दिली, ‘ग्रेडल क्लीन बिल्ड’, आणि सांगितलं की काहीही बदललं तरी हीच मारायची. एका बटणाचा रंग बदलला तरी हीच. प्रोजेक्टमध्ये चौदा मॉड्यूल, म्हणजे कोडचे चौदा वेगळे भाग आहेत. माझ्या मशिनवर दर वेळी अकरा-बारा मिनिटं जातात आणि तेवढ्यात मी काय करत होतो तेच विसरतो. एकदा क्लीन न करता बिल्ड लावला, तर स्क्रीनवर जुनाच मजकूर दिसला. सिनिअर म्हणाले, ‘‘बघ, सांगितलं होतं ना!’’ त्यानंतर धाडस झालं नाही. गरजेपुरताच बिल्ड करणं खरंच धोक्याचं असतं का?
– रोज बारा मिनिटं भिंतीकडे बघणारा

उत्तर : तुमच्या पत्रातली ‘जुनाच मजकूर दिसला’ ही ओळ मी पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केली. सगळी गोम तिथे आहे. पण तिच्याकडे नंतर येते. आधी त्या कमांडमध्ये तुम्ही नेमकं काय काय मागताय ते बघू.

ग्रेडल हे कोडपासून अ‍ॅप बांधून देणारं, म्हणजे बिल्ड करणारं साधन. त्याला सांगायच्या एकेका कामाला टास्क म्हणतात. त्यातल्या ‘बिल्ड’ या टास्कला स्वतःचं असं काम जवळजवळ नसतं. तो फक्त दोघांना कामाला लावतो, ‘असेंबल’ आणि ‘चेक’. अँड्रॉइडमध्ये नुसता ‘असेंबल’ म्हटलं की सगळे व्हेरियंट तयार होतात, म्हणजे काम करताना वापरायच्या डीबगबरोबर लोकांना द्यायची रिलीजसुद्धा. रिलीजला कोड लहान करायचं सेटिंग लावलेलं असेल, तर आर-एट हे कोड आटवणारं साधन अख्ख्या अ‍ॅपचा कोड चाळत बसतं. ‘चेक’मध्ये लिंट (कोडमधल्या संशयास्पद जागा शोधणं) आणि युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या तुकड्यांच्या चाचण्या) येतात, त्याही चौदा मॉड्यूलच्या. आणि हे सगळं सुरू होण्याआधी ‘क्लीन’ने कालचं झालेलं काम पुसून टाकलेलं असतं. बटणाचा रंग बघायला तुम्ही रोज अ‍ॅपच्या ऑनलाइन दुकानात पाठवायच्या तयारीचं अ‍ॅप बांधताय.

मी स्वतः बिल्ड लावण्याआधी एकच गोष्ट विचारते. मला आत्ता काय कळायला हवंय? कोड कंपाइल होतो का, एवढंच कळायला हवं असेल तर त्या मॉड्यूलचा ‘कंपाइल-डीबग-कॉटलिन’ पुरतो. हिशोबाचं लॉजिक बरोबर आहे का हे बघायचं असेल, तर त्याच मॉड्यूलचा ‘टेस्ट-डीबग-युनिट-टेस्ट’, आणि त्याला ‘--टेस्ट्स’ जोडून एकाच क्लासचं नाव. स्क्रीन कशी दिसते ते बघायचं असेल तर ‘इन्स्टॉल-डीबग’. ‘रिलीज नीट बनते का’ हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा पडतो. तेवढ्या वेळा मी तो विचारते.

आता कोलनबद्दल. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कळायला लाजिरवाणा उशीर झाला. तुम्ही मुख्य फोल्डरमध्ये बसून टास्कचं नुसतं नाव लिहिलंत, की ग्रेडल त्या नावाचा टास्क ज्या ज्या मॉड्यूलमध्ये सापडेल तिथे तिथे चालवतो. ‘टेस्ट-डीबग-युनिट-टेस्ट’ म्हणजे चौदाही मॉड्यूलच्या टेस्ट. त्याऐवजी आधी कोलन, मग मॉड्यूलचं नाव, पुन्हा कोलन आणि मग टास्क असं लिहिलं, की फक्त त्या एका मॉड्यूलचा टास्क चालतो, आणि त्याला जे लागतं तेवढंच आधी होतं. मी दोन वर्षं कोलनशिवाय टाइप करत होते आणि मशीन जुनं झालंय म्हणून कुरकुरत होते. आणखी एक, नाव पूर्ण टाइप करायचीही गरज नसते. दुसऱ्या कशाशी गोंधळ होत नसेल, तर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर चालतं.

नेमकं काय चालणार आहे याची खात्री नसेल तर कमांडच्या शेवटी ‘--ड्राय-रन’ लावा. ग्रेडल टास्कची यादी छापतो आणि थांबतो, एकही टास्क चालवत नाही. तुमच्या सिनिअरनी दिलेली कमांड एकदा अशी मारून बघा. यादी किती पडदे वर जाते ते बघायलाच मजा येईल.

आता तुमचा जुना मजकूर.

ग्रेडल एखादा टास्क वगळतो तेव्हा तो अंदाज करत नसतो. टास्कमध्ये काय आत जातं आणि काय बाहेर येतं, या दोन्हींचा ठसा त्याने मागच्या वेळी घेऊन ठेवलेला असतो. फाइलीची तारीख काय आहे याने त्याला फरक पडत नाही, तो आतला मजकूर बघतो. इनपुटही तेच, आउटपुटही जागेवर तसंच, मग टास्कपुढे ‘अप-टू-डेट’ असं लिहून तो पुढे जातो. गणित पक्कं आहे. पण आत काय जातं ते त्याला कोणीतरी सांगितलेलं असायला लागतं. अँड्रॉइडचे आणि कॉटलिनचे नेहमीचे टास्क हे आपल्या आपण सांगतात. घरचे, म्हणजे टीममधल्या कोणीतरी एका दुपारी लिहिलेले टास्क, ते सांगतातच असं नाही.

हे मी छातीठोकपणे लिहितेय कारण असा टास्क लिहिणारी ‘कोणीतरी’ मीच होते. एका जुन्या नोकरीत आम्ही भाषांतरांच्या एका जेसन फाइलीतून कोड तयार करायचो. त्यासाठी एक टेम्प्लेट, म्हणजे कोडचा साचा होता. मी टास्क लिहिला, जेसन फाइल इनपुट म्हणून नोंदवली, आउटपुटचं फोल्डर नोंदवलं आणि टेम्प्लेट विसरले. सहा महिने काहीच बिघडलं नाही, कारण टेम्प्लेटला कोणी हातच लावला नव्हता. मग एका सहकाऱ्याने त्यात दोन ओळी बदलल्या आणि स्क्रीनवर ढिम्म फरक पडेना. जेसन तीच, आउटपुट तेच, त्यामुळे ग्रेडलच्या मते सगळं ताजं. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत त्याच्या दोन ओळींमध्ये चूक शोधत होतो. त्या ओळी बरोबर होत्या. शेवटी कोणीतरी क्लीन मारलं, ते चाललं, आणि दुसऱ्या दिवशी रीडमीच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीच्या पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत आलं, ‘आधी क्लीन करा’. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझी एक ओळ राहिली होती, आणि तिचं प्रायश्चित्त पुढे दीड वर्ष अख्खी टीम रोज घेत राहिली. त्यात नंतर आलेली मंडळीही होती, ज्यांना त्या टेम्प्लेटचं नावही माहीत नव्हतं.

तुमच्या सिनिअरनाही असाच एखादा दिवस आठवत असणार. त्यांना हसू नका.

गंमत म्हणजे या प्रकारच्या साधनांचा जन्मच अशा वाया गेलेल्या वेळेतून झाला. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे ‘याक’ हे प्रोग्रॅमिंग भाषांसाठीचं साधन लिहिणारे जॉन्सन, नशिबाला शिव्या देत शिरले. त्यांची अख्खी सकाळ एक बरोबर असलेला प्रोग्रॅम तपासण्यात गेली होती. चूक त्यांनी दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. फेल्डमन आदल्या संध्याकाळी स्वतः त्याच फेऱ्यात अडकले होते. त्यातून त्यांनी ‘मेक’ हे बिल्डचं साधन लिहिलं. त्याच कामासाठी त्यांना २००३ मध्ये एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. ‘मेक’चा वेग लोकांना आवडला, पण जॉन्सनना त्या सकाळी वेग नको होता. जे जुनं झालंय ते सुटू नये, एवढंच हवं होतं. गरजेपुरतं करणं आणि बरोबर करणं ही तेव्हापासून एकाच यादीची, म्हणजे काय कशावर अवलंबून आहे त्या यादीची, दोन टोकं आहेत. यादी खरी असेल तर दोन्ही मिळतात. खोटी असेल तर दोन्ही जातात.

म्हणून तुमच्या प्रोजेक्टमध्ये यादी कुठे खोटी आहे ते शोधा. पुन्हा जुना मजकूर दिसला तर लगेच क्लीन मारू नका, कारण क्लीन पुरावाच नष्ट करतं. आधी ‘बिल्ड’ फोल्डरची कॉपी बाजूला ठेवा. मग तीच कमांड ‘--कन्सोल=प्लेन’ लावून मारा. नेहमीच्या रंगीत कन्सोलमध्ये वगळलेले टास्क दिसत नाहीत, साध्यात सगळे ओळीने दिसतात. मजकूर ज्या टास्कमधून येतो त्याच्यापुढे ‘अप-टू-डेट’ दिसलं आणि तुम्ही तर नुकतीच फाइल बदललीय, म्हणजे ती फाइल त्याच्या इनपुटमध्ये नोंदलेली नाही. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवायची असते. माझं टेम्प्लेट तसंच एका ओळीत मिटलं.

उलटा आजारही असतो, आणि वेळ खरा तोच खातो. काहीही न बदललेलं असताना जो टास्क दर वेळी चालतो तो. त्याला पकडायची माझी आवडती युक्ती अगदी बाळबोध आहे. एकाही फाइलीला हात न लावता तीच कमांड लागोपाठ दोनदा मारा. शेवटच्या ओळीत ग्रेडल सांगतो की करण्याजोगे टास्क इतके, त्यातले इतके चालवले, इतके अप-टू-डेट. दुसऱ्या वेळी ‘चालवले’चा आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल, तर ‘--इन्फो’ लावून तिसऱ्यांदा मारा. प्रत्येक टास्क का चालवला याचं कारण तो साध्या इंग्रजीत लिहून देतो. अमुक इनपुटची किंमत बदलली, तमुक आउटपुट गायब आहे, किंवा या टास्कने आउटपुट जाहीरच केलेलं नाही.

पहिल्या कारणामागे मला अनेकदा एकच आरोपी सापडलाय. कोणीतरी ‘बिल्ड-कॉन्फिग’ या आपोआप बनणाऱ्या क्लासमध्ये बिल्डची वेळ घातलेली असते, सेकंदासकट. अ‍ॅपच्या ‘आमच्याविषयी’ स्क्रीनवर दाखवायला. वेळ दर बिल्डला बदलते, म्हणून तो क्लास बदलतो, म्हणून ते मॉड्यूल पुन्हा कंपाइल होतं, म्हणून पुढचं सगळं हलतं. ती स्क्रीन कोण उघडतं देव जाणे. वेळ फक्त रिलीजमध्ये घाला आणि डीबगमध्ये एक ठरलेली किंमत ठेवा.

दुसरा आरोपी जरा लपून असतो. ग्रेडल आधी सगळ्या स्क्रिप्ट वाचून टास्कची मांडणी करतो आणि मग मागितलेले टास्क चालवतो. टास्कमधलं काम ‘डू-लास्ट’च्या कंसाबाहेर लिहिलं, तर ते मांडणीच्या वेळीच होतं, अनेकदा तो टास्क मागितलेला नसला तरी. एका प्रोजेक्टमध्ये कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमधून आवृत्तीचा क्रमांक काढणारी कमांड अशी बाहेर पडलेली होती. तुम्ही नुसतं ‘हेल्प’ म्हणालात तरी ती चालायची. टास्क कितीही काटेकोरपणे निवडा, हा खर्च चुकत नाही, आणि टास्कच्या यादीतही तो दिसत नाही.

बिल्ड-कॅश, म्हणजे टास्कच्या तयार कामाची साठवण, तीही चालू करा. ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’मध्ये ‘कॅशिंग’ला ‘ट्रू’ एवढंच लिहायचं असतं. ही साठवण ‘बिल्ड’ फोल्डरच्या बाहेर असते, त्यामुळे कोणी क्लीन मारलंच तरी बरेचसे टास्क तिथून उचलले जातात. सिनिअर ऐकत नसतील तोपर्यंत हा शांततेचा तह समजा. फक्त एक लक्षात ठेवा. इनपुट नोंदवायचं राहिलेल्या टास्कला कॅशमध्ये ठेवलंत, तर क्लीननंतरही जुनाच मजकूर परत येईल, आणि मग घरातला शेवटचा उपायही गेला. म्हणून आधी यादी, मग कॅश.

सिनिअरना ‘तुमचं चुकतंय’ असं सांगायला जाऊ नका. दोनदा मारलेल्या कमांडचे शेवटचे आकडे आणि तो एक सुटलेला इनपुट, एवढं दाखवा. आणि रिलीजच्या दिवशी त्यांचंच ऐका. दुकानात जाणारं अ‍ॅप मीही कोऱ्या फोल्डरमध्ये कोड नव्याने क्लोन करून, म्हणजे त्याची ताजी प्रत घेऊन बनवते.

प्रश्न : आमचा प्रोजेक्ट सी भाषेत आहे, बिल्ड ‘मेक’ने होतो. हेडर फाइलमधल्या, म्हणजे अनेक सी-फाइली वापरतात त्या सामायिक फाइलीतल्या, एका स्ट्रक्टमध्ये (फील्डच्या गटात) मधेच एक फील्ड वाढवलं. ‘मेक’ केलं, एरर नाही. पण प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी क्रॅश होतो. ‘मेक क्लीन’ केलं की बरोबर चालतो. हे भूत काय आहे?
– स्ट्रक्टने झपाटलेली

उत्तर : भूत तुमच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे ‘मेक’च्या नियमांच्या फाइलीत, न लिहिलेल्या ओळीत आहे. ‘मेक’ फक्त तारखा बघतं. एखादी ऑब्जेक्ट फाइल (सी-फाइल कंपाइल होऊन बनते ती) जिच्यावर अवलंबून आहे असं तुम्ही लिहिलंय, ती फाइल तिच्यापेक्षा नवी असेल तर ऑब्जेक्ट पुन्हा बनवायची, एवढाच नियम. तुम्ही बहुधा ऑब्जेक्ट सी-फाइलवर अवलंबून आहे असं लिहिलंय, हेडरचा उल्लेखच नाही. मग ज्या सी-फाइली तुम्ही योगायोगाने बदलल्या त्या नव्या स्ट्रक्टनुसार कंपाइल झाल्या, उरलेल्या जुन्याच राहिल्या. लिंकरने दोन्ही जोडल्या. आता एक फंक्शन सोळाव्या बाइटला लांबी लिहितं आणि दुसरं त्याच बाइटवरून पॉइंटर वाचतं. क्रॅश भलत्याच ठिकाणी होणारच.

हेडरची नावं हाताने लिहीत बसू नका, चार दिवसांत ती यादी शिळी होते. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरना ‘-एमएमडी’ हा फ्लॅग कळतो. तो दिला की कंपाइल करता करताच प्रत्येक सी-फाइलने तुमची कोणकोणती हेडर उघडली त्याची यादी एका ‘.डी’ फाइलमध्ये लिहिली जाते. त्या फाइली मेकफाइलच्या शेवटी ‘-इन्क्लूड’ने आत घ्या. इन्क्लूडच्या आधीचा डॅश विसरू नका, नाहीतर पहिल्याच बिल्डला त्या फाइली सापडल्या नाहीत म्हणून ‘मेक’ अडून बसतं. सोबत ‘-एमपी’ही द्या. पुढे एखादं हेडर डिलीट केलं तर त्याच्या नावाने गळा काढला जाणार नाही.

एक भोक तरीही उरतं. कंपायलरचे फ्लॅग बदलले तर ‘मेक’ला कळत नाही, कारण कुठल्याच फाइलीची तारीख बदललेली नसते. तेव्हा मात्र खुशाल क्लीन करा. ‘निंजा’ हे साधन या बाबतीत शहाणं आहे. मागच्या वेळी कोणत्या कमांडने फाइल बनवली हे ते लक्षात ठेवतं आणि कमांड बदलली की फाइल पुन्हा बनवतं.

तारखांचा आणखी एक त्रास तुम्हाला होत असेल. गिटमध्ये दुसऱ्या ब्रँचवर जाऊन लगेच परत आलात, तर ज्या फाइली दोन्हीकडे वेगळ्या होत्या त्यांच्या तारखा नव्या होतात. मजकूर शेवटी होता तोच, पण ‘मेक’ त्या सगळ्या पुन्हा कंपाइल करणार. सतत दोन ब्रँचमध्ये ये-जा असेल तर ‘गिट वर्कट्री’ने दुसरं फोल्डरच करा. दोन्हीकडच्या ऑब्जेक्ट फाइली आपापल्या जागी राहतात.

प्रश्न : आमच्याकडे जावा भाषा आणि मेव्हन हे बिल्डचं साधन आहे. सगळे ‘मेव्हन क्लीन इन्स्टॉल’ करतात, घाई असली की त्याला ‘स्किप-टेस्ट्स’ जोडतात. यातलं गरजेचं किती?
– घाईत असलेला

उत्तर : थोडंच. मेव्हनमध्ये ‘इन्स्टॉल’ म्हटलं की त्याच्या आधीचे सगळे टप्पे येतात, कंपाइल, टेस्ट, पॅकेज, व्हेरिफाय, आणि शेवटी तयार जार (जावाचं बांधलेलं पॅकेज) तुमच्या मशिनवरच्या लोकल रिपॉझिटरीत ठेवला जातो. तो जार त्याच मशिनवरच्या दुसऱ्या एखाद्या प्रोजेक्टला हवा असेल तरच इन्स्टॉलला अर्थ आहे. एरवी ‘व्हेरिफाय’ला थांबा, आणि नुसतं कोड जुळतो का हे बघायचं असेल तर ‘कंपाइल’ला.

एकच मॉड्यूल हवं असेल तर ‘-पीएल’ आणि त्याचं नाव. पण त्याच्याबरोबर ‘-एएम’ लावाच. तो नसेल तर मेव्हन ३ शेजारची मॉड्यूल लोकल रिपॉझिटरीतून उचलतो, आणि तिथला जार मागच्या आठवड्याचा असू शकतो. ‘-एएम’ने तुमच्या मॉड्यूलला लागणारी मॉड्यूल आधी बनतात, बाकीची शांत राहतात. लोक ‘इन्स्टॉल’ला चिकटून बसतात ते बहुधा हा एक फ्लॅग माहीत नसल्यामुळेच. त्यासोबत एकाच टेस्टचं नाव दिलंत तर मधल्या मॉड्यूलमध्ये त्या नावाची टेस्ट नाही म्हणून बिल्ड पडेल. टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगइनचं ‘फेल-इफ-नो-स्पेसिफाइड-टेस्ट्स’ फॉल्स केलं की तो पुढे जातो.

‘स्किप-टेस्ट्स’ने टेस्ट चालत नाहीत, पण कंपाइल होतात. ‘मेव्हन.टेस्ट.स्किप’ने कंपाइलही होत नाहीत. मी पहिलं वापरते. दुसरं वापरून मी एकदा एका मेथडचं नाव बदललं होतं आणि दुपारपर्यंत खूश होते.